चौकात अडकलेलं डोकं

दिलीप कोपर्डेकरांचं डोकं मोठं आहे, हे त्यांच्या ओळखीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. नेमकं किती मोठं, हे मात्र नऊ ऑगस्टला सकाळी साडेदहा वाजता, दिल्लीत मयूर विहारमधल्या मराठी मंडळाच्या हॉलच्या दारात, प्लायवूडच्या एका भोकानं ठरवलं. डोकं आत गेलं. बाहेर येईना.

भोक त्यांनी स्वतःच पाडून घेतलं होतं. नऊ ऑगस्ट म्हणजे जागतिक आदिवासी दिन, आणि तो मंडळानं साजरा करावा हा ठराव दिलीपरावांचाच. अनुमोदनही त्यांनीच दिलं असतं, पण मंडळाच्या घटनेत बसत नाही म्हणून पत्नीला, विनयाताईंना, हात वर करायला लावला. केंद्र सरकारात छत्तीस वर्षं काढून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेला माणूस. घटनेच्या बाहेर पाऊल टाकायचा नाही. दाराशी आठ फुटी फळी उभी राहिली. गेरूचा रंग, त्यावर पांढऱ्या रेषांची वारली चित्रं, मधोमध नक्षीदार चौकोन, आणि चौकोनात उभी एक आकृती. पाहुण्यांनी मागून भोकात डोकं घालायचं, पुढून फोटो काढायचा. सहचिटणीस नीरज नोएडातल्या कंपनीत असले उद्योग करतो, त्यामुळे अनुभवी. तो म्हणाला होता की काका, कडेला तारपा वाजवणारा आहे, त्याच्या डोक्याला भोक पाडू. दिलीपराव म्हणाले की यार, फोटो काढताना कडेला उभं राहायला कोणाला आवडतं? मधली मोठी आकृती घे.

तर त्या मधल्या मोठ्या आकृतीत आता दिलीपराव होते. माणसाचे कान आत जाताना मागे दुमडतात आणि बाहेर येताना आडवे येतात, हे चाचणी घेण्याआधी त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. नीरजनं मदतीला धावण्याआधी फोटो काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. मग धावला. त्यानं पाय ओढले, विनयाताईंनी कपाळ ढकललं. खजिनदारांनी सुतार बोलावू असं सुचवलं, तर दिलीपराव भोकातून म्हणाले की कोटेशन मागवावं लागेल.

एवढ्यात प्रमुख पाहुण्या आल्या.

कौशल्या दुमाडा या आर. के. पुरमच्या सरकारी दवाखान्यात नर्स. सव्वीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला दीड वर्ष बाकी. सुती साडी, हातात कापडी पिशवी, आणि चेहऱ्यावर 'बाही वर करा' असं म्हणण्याआधीचा शांतपणा. दारात थांबून त्यांनी फळीकडे पाहिलं. चौकोन पाहिला, त्यातलं दिलीपरावांचं लालबुंद तोंड पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"लग्न कोणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

दिलीपरावांना प्रश्न कळला नाही. ते भोकातूनच हसले आणि म्हणाले, "या या, ताई, आपलंच कार्य आहे."

कौशल्याताई फळीच्या मागे गेल्या. पिशवीतून व्हॅसलीनची डबी काढून त्यांनी दोन्ही कानांना चोपडलं, कान पानासारखे दुमडून धरले, "श्वास सोडा" म्हणाल्या आणि डोकं मागे घेतलं. तीस सेकंदांचं काम. हॉलमध्ये टाळ्या झाल्या. टाळ्या चालू असतानाच त्या हळू आवाजात, फक्त दिलीपरावांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "हा लग्नाचा चौक आहे. आतली आहे ती पालघट देवी. लग्न असेल तेव्हाच काढतात, गाऊन बोलावतात तिला. एरवी नाही काढत." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "आणि तोंडाला भोक तर नाहीच पाडत."

दिलीपरावांच्या कानांची आग होत होती. ती व्हॅसलीननं थांबण्यातली नव्हती.

कार्यक्रम झाला. आदिवासी संस्कृतीच्या सन्मानावर दिलीपराव चाळीस मिनिटं बोलणार होते. सहा मिनिटांत बसले. मंडळाच्या इतिहासात ही नोंद आहे. कौशल्याताईंनी शाल घेतली, नारळ घेतला, "माझ्या आईला हे आवडलं असतं" एवढं एकच वाक्य बोलल्या आणि ड्यूटी होती म्हणून गेल्या.

फळीचं काय करायचं ते त्या जाताना दिलीपरावांनी विचारलं होतं. विसर्जन करू का, ब्राह्मण बोलावून काही विधी करू का, असं बरंच. त्या म्हणाल्या की देवीला कोणी बोलावलंच नव्हतं, ती आलीच नव्हती, रंग पुसून टाका. दिलीपरावांनी दोन दिवस रॉकेल आणि काथ्या घेऊन फळी स्वतः घासली. आता ती त्यांच्या बाल्कनीत आहे आणि भोकातून दुधीचा वेल वर गेलाय.

दिलीपरावांना लागलं ते वेगळंच होतं. कौशल्याताईंना ते सोळा वर्षं ओळखत होते. ओळखत होते म्हणजे काय, त्यांच्या घरावर या बाईंचा उपकार होता. दिलीपरावांची आई शेवटचं वर्ष अंथरुणावर होती. पाठीला जखमा झालेल्या. त्या वेळी कोपर्डेकर आर. के. पुरमच्याच क्वार्टरमध्ये राहत, आणि दवाखान्यातली ही सिस्टर दर रविवारी, सुट्टीच्या दिवशी, न बोलावता यायची. ड्रेसिंग करायची, म्हातारीचे केस विंचरायची, कपभर चहा प्यायची आणि जायची. आई मुलावर खेकसे, सुनेवर खेकसे, आणि सिस्टर आली की तिचा हात धरून गप्प पडून राही. दिलीपरावांनी तेव्हा आभाराचं पत्र लिहिलं होतं, दवाखान्याच्या प्रमुखांना, तीन प्रतींत.

पण सोळा वर्षांत दिलीपरावांनी कौशल्याताईंना त्यांच्याबद्दल म्हणून एकच प्रश्न विचारला होता. तुम्ही मूळच्या कुठल्या? त्या म्हणाल्या होत्या, डहाणूकडच्या. दिलीपराव म्हणाले होते, वा, चिकू! आणि विषय संपला होता. त्या वारली आहेत हे त्यांना कळलं ते यंदा, मंडळाला पाहुणी हवी होती म्हणून. "आभार भरपूर मानलेत," विनयाताई त्या रात्री पोळीला तूप लावता लावता म्हणाल्या, "चौकशी तेवढी राहिली."

इकडे नीरजनं टाकलेला फोटो प्रवासाला निघाला होता. मंडळाच्या ग्रुपवरून तो नोएडात गेला, नोएडातून कोणाच्या तरी ऑफिसात, तिथून तलासरीच्या एका मुलाच्या फोनवर, आणि तलासरीहून जंगलाच्या कडेच्या एका पाड्यावर. तिथे कौशल्याताईंच्या मावशीनं तो पाहिला. मावशी पंचाहत्तरीची, आणि धवलेरी. म्हणजे लग्न लावणारी बाई. वारल्यांमध्ये लग्नाची गाणी म्हणत देवांना बोलावते ती धवलेरी. ती गायली की लग्न लागतं. कौशल्याताईंच्या आईच्या लग्नात आजी गायली होती, कौशल्याताईंच्या लग्नात मावशी.

सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी कौशल्याताई मयूर विहारला आल्या. सोळा वर्षांपूर्वीसारख्याच, न बोलावता. चहा घेतला. मग म्हणाल्या की कृतिकाचं लग्न ठरलंय, माघात आहे. कृतिका ही त्यांची एकुलती एक. दिल्लीत जन्मली, दिल्लीत शिकली. नवरामुलगा प्रतीक, तलासरीचा, वारलीच, नोएडात नोकरीला. दिलीपराव अभिनंदनाचं बोलायला सरसावले तसा त्यांनी हात वर केला. इंजेक्शनच्या वेळी करतात तसा.

"मावशी येत नाही म्हणतेय. जिथं देवीच्या तोंडाला भोक पाडतात तिथं मी तिला बोलावू कशी, असं विचारते."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. फोनमध्ये दिलीपरावांचं तोंड होतं, चौकाच्या मधोमध, दात दाखवत.

मुलीकडचा चौक मुलीच्या घरच्या भिंतीवर काढतात. तर मग गावी जाऊन का नाही करत लग्न, असं विनयाताईंनी विचारलं. अगदी सहज विचारलं. कौशल्याताईंनी तितक्याच सहज सांगितलं की गावची भिंत पाण्याखाली आहे. धरण झालं तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या. पाडा उठवला, पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवला. पत्र्याला शेण लागत नाही, त्यावर चौक निघत नाही. नवऱ्याचं घरही त्याच शेडांच्या रांगेतलं. त्यांचं स्वतःचं लग्न एका शेजारणीच्या कुडाच्या भिंतीवर लागलं, उसन्या. "कृतिकाला उसनी भिंत नको," त्या म्हणाल्या. "आर. के. पुरमच्या क्वार्टरची भिंत सरकारची आहे, पण सव्वीस वर्षं मी तिला टेकून बसलेय. जाताना पांढरा रंग मारून देईन."

 नोकरीतली नऊ वर्षं दिलीपरावांनी पाण्याच्या खात्यात काढली होती. धरणांच्या फायलींना एक तक्ता जोडलेला असे, त्यात एक रकाना होता: बाधित कुटुंबे. आकडा तपासायचा, बेरीज जुळली की खूण करायची. दिलीपरावांची बेरीज कधी चुकली नव्हती. भिंतींचा रकाना त्या तक्त्यात नव्हता, आणि तो नाही हे त्यांच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं.

ते उठले, चष्मा लावला आणि म्हणाले की मी मावशींना माफीचं पत्र लिहितो, सविस्तर. कौशल्याताई म्हणाल्या की मावशी वाचत नाही. मग त्यांनी सरळ व्हिडिओ कॉल लावला.

पलीकडे मावशीची सून फोन धरून होती. आधी छत दिसलं, मग कोंबडी, मग एक सुरकुतलेला चेहरा, कपाळावर गोंदण. दिलीपरावांनी नमस्कार केला आणि संस्कृती, परंपरा, अनवधान असे तीन शब्द वापरून एक वाक्य सुरू केलं. मावशीनं ते पुरं होऊ दिलं नाही.

"हाच का तो, डोकं घालणारा?"

"हाच," कौशल्याताई म्हणाल्या.

"जरा जवळ ये रे."

दिलीपराव फोनच्या जवळ गेले. छत्तीस वर्षांत त्यांना 'अरे' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. आई गेल्यावर तर नाहीच. मावशीनं त्यांचं डोकं या कानापासून त्या कानापर्यंत न्याहाळलं.

"एवढं मोठं डोकं, आणि घालताना इचारलं नाय कोणाला?"

"नाही विचारलं," दिलीपराव म्हणाले. पुढची तीन पानं त्यांच्या घशात होती. ती तिथेच राहिली. "चुकलं माझं, मावशी."

पलीकडे कोंबडी फोनसमोरून गेली. मग मावशीनं अट घातली. भिंतीला लागणारं शेण यानं आणायचं. स्वतः, हातानं, दुसऱ्याकरवी नाय. आणि मी गाईन तेव्हा समोर बसायचं. सरेपर्यंत उठायचं नाय. हे जमलं तर मी गाईन. शेण बघून ठरवीन. फोन बंद झाला.

विनयाताईंना हसू आवरेना. दिलीपरावांनी मात्र डायरीत नोंद केली: शेण, एक. बसणे, दोन.

माघ आला. मावशी रेल्वेनं निघाली, सून आणि दोन भाच्यासुना बरोबर. चौक सवाशिणी काढतात, म्हणून त्या. मावशी पोचायची त्याच दिवशी सकाळी दिलीपरावांनी गणपतीतला श्रीखंडाचा पाच किलोचा रिकामा डबा घासून घेतला आणि यमुनेच्या खादराकडच्या, म्हणजे पूरपट्ट्यातल्या, गोठ्यांवर गेले. गोठेवाल्याला त्यांनी हिंदीत समजावलं की शादी का काम है, अच्छा वाला दीजिए. डबा भरून, झाकण चिकटपट्टीनं बंद करून ते मेट्रोला गेले. तपासणीच्या यंत्रात डबा शिरला आणि थांबला. जवानानं डब्यावरचं नाव वाचलं आणि मिठाई असेल तर झाकण उघडून दाखवा म्हणाला. दिलीपरावांनी सांगितलं की मिठाई नाही, गोबर आहे. जवानानं त्यांच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. मागची रांग दोन पावलं मागे सरली. त्यानं अत्यंत आदरानं सांगितलं की बाबूजी, आप ऑटो ले लीजिए.

ऑटोवाला मधुबनीकडचा निघाला. शेण कशाला हे कळल्यावर तो मागे वळून खुशीत म्हणाला की हमारे यहाँ भी ब्याह में दीवार पर बनता है, घर की औरतें बनाती हैं. मग आर. के. पुरमपर्यंत त्यानं आपल्या बहिणीच्या लग्नातली भिंत वर्णन करून सांगितली. दिलीपराव ऐकत होते. ऐकताना एक प्रश्न त्यांच्या तोंडाशी आला, आणि नवल म्हणजे तो त्यांनी विचारला. तुमचं गाव कोणतं? आणि उत्तर आल्यावर 'वा' म्हणून थांबले नाहीत, आणखी दोन विचारले.

दारात कौशल्याताईंनी झाकण उघडलं, एकदा वास घेतला. "म्हशीचं आहे," त्या म्हणाल्या आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी दिलीपराव पहाटेच गोठ्यात जाऊन एका तांबड्या गाईच्या मागे पाऊण तास उभे राहिले. दुसऱ्याकरवी नाय, हे त्यांनी अक्षरशः घेतलं होतं. गाईला त्यांच्या ज्येष्ठतेची कदर नव्हती. पण जे मिळालं ते निर्विवाद होतं, डोळ्यांदेखत मिळालेलं, आणि ते घेऊन ते ऑटोतून असे उतरले जणू राष्ट्रपती भवनातून काही घेऊन आलेत.

मावशी आदल्या संध्याकाळी पोचली होती. क्वार्टरच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसली होती, थंडीमुळे अंगावर कृतिकाचं जाकीट. आधी दिलीपरावांचं डोकं प्रत्यक्ष पाहून घेतलं. मग डब्यातली चिमूट घेतली, दोन बोटांत चोळली, कणी लागते का पाहिलं. सगळे थांबले. कृतिका हातात फोन घेऊन उभी होती. तिनं फोन खाली ठेवला. कौशल्याताई भिंतीला टेकून होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. इंजेक्शन देताना सव्वीस वर्षं न हललेली बोटं.

"गाईचं हाय," मावशी म्हणाली. "सारवा."

मग घर बायकांचं झालं. पुरुषांना व्हरांड्यात काढलं. कौशल्याताईंचे यजमान टपाल खात्यात, बोलण्यात पत्नीहूनही काटकसरी. त्यांनी दिलीपरावांना बिडी देऊ केली आणि दोघं शेजारी बसले. आतून पाट्यावर तांदूळ वाटल्याचा आवाज येत होता. सून बांबूची काडी दातांनी चावून तिची कुंचली करत होती. भिंत सारवली, वाळली, गेरू लागला, आणि मग दुपारभर आतून बायकांच्या हसण्याचे आणि मधूनच गुणगुणण्याचे आवाज येत राहिले. विनयाताई आत होत्या. त्यांना वाटणाची वाटी धरायला दिली होती, आणि निवृत्त अवर सचिवाच्या पत्नीला इतका मान गेल्या कित्येक वर्षांत मिळाला नव्हता, असं त्यांनी नंतर सांगितलं. भिंतीचा फोटो मात्र कोणी काढला नाही. कृतिकानं ऑफिसच्या मैत्रिणींना आधीच बजावलं होतं की पूजा होईपर्यंत नो फोटो, आणि त्याही शहाण्यासारख्या पर्समध्ये फोन घालून बसल्या.

लग्नाच्या सकाळी क्वार्टरची बाहेरची खोली माणसांनी भरली. प्रतीककडची मंडळी आली, दवाखान्यातला स्टाफ आला, शेजारचं तमिळ कुटुंब आलं. नीरज आला आणि कोपऱ्यात मान खाली घालून उभा राहिला. फोटो काढणारा हाच, हे मावशीनं त्या मानेवरूनच ओळखलं, पण त्याला फक्त पाण्याची घागर भरायला सांगितली. चौकावर बायकांनी टाकलेलं कापड अजून तसंच होतं. दिलीपराव अटीप्रमाणे समोर, जमिनीवर, गुडघे दुखत असताना मांडी घालून बसले. कोटाच्या आतल्या खिशात चार पानांचं भाषण होतं. माफीचं नव्हे, आभाराचं. आईच्या शेवटच्या वर्षापासून सुरू होणारं, रविवारच्या चहाचा, विंचरलेल्या केसांचा उल्लेख असलेलं, पाण्याखालच्या भिंतीपर्यंत येणारं. आयुष्यात प्रथमच त्यांनी एखाद्या मसुद्यात 'सन्मान' हा शब्द एकदाही वापरला नव्हता. तीन रात्री जागून लिहिलं होतं. ते आज बोलायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं.

मावशीनं डोळे मिटले आणि सुरुवात केली. आवाज मोठा नव्हता. दाराशी कुणी माणूस उभा असावा आणि त्याला आत या म्हणावं, तसा. एकेका देवाचं नाव घेऊन ती बोलावत होती, आणि सुना मागून ओळ धरत होत्या. गाण्यात मध्येच कुठेतरी कापड सरकलं. गेरूच्या भिंतीवर पांढरा चौक दिसला, नक्षीवर नक्षी, आणि मधोमध ती. तोंड होतं. दिलीपरावांनी आधी तेच पाहिलं. लहानसं, पांढरं, पूर्ण तोंड. बाहेर रिंग रोडवर बसचा हॉर्न वाजत होता आणि आत कृतिका आईचा हात घट्ट धरून उभी होती.

मावशी श्वास घ्यायला क्षणभर थांबली. दिलीपरावांच्या डोळ्यांतलं पाणी चष्म्यावर आलं होतं. हीच वेळ, असं त्यांना वाटलं. खिशातली पानं काढत, गुडघ्यावर हात टेकत ते अर्धे उठले आणि शेजारी उभ्या कौशल्याताईंना कुजबुजत म्हणाले, "ताई, आभाराचे दोनच शब्द बोलून घेऊ का?"

कौशल्याताईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"बसा. मावशी गातेय."